न नोंदलेली खेप

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये माझ्यासारखी दहा घड्याळे मावतील, हे मला ठाऊक आहे. तरी थोडा वेळ माझ्याकडे बघा. मी एक जुने स्टॉपवॉच आहे. काळे, तळहातात बसेल एवढे, गळ्यात अडकवायची मळकी दोरी असलेले. माझ्या अंगावर तीन बटणे आहेत. उजवे दाबले की मी सुरू होते आणि पुन्हा दाबले की थांबते. मधल्याने जुने आकडे पुसले जातात. डावे बटण दाबले की तोपर्यंतचा वेळ नोंदला जातो आणि पुढचा मोजायला मी मोकळे होते. आज मी जे सांगणार आहे ते या डाव्या बटणामुळे घडले. खरे सांगायचे तर माझ्यामुळे घडले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांपैकी एकीने माझी बटणे बसवली. दुसरीने मला एका मोठ्या घड्याळाशेजारी ठेवले आणि तासभर आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मी तसूभरही चुकले नाही. तिने माझ्या पाठीवर छोटी हिरवी चिकटपट्टी लावली. तपासून पास झाल्याची ती खूण होती. त्या दिवसापासून मला वाटू लागले, की न चुकणे हा माझा स्वभावच आहे.

एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी मला विकत घेतले. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते. बावीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. शेकडो मुले माझ्यासमोर धावली. कोणी धापा टाकत विचारी, "सर, किती?" सर मला उंच धरत, आणि माझ्यावरचा आकडा पाहून कुणाचा चेहरा फुले, कुणाचा पडे. वाद झाला की सर म्हणत, "भांडू नका. हिला विचारा. ही ना कुणाची मावशी, ना कुणाची सावत्र आई."

मुले हसत. मीही मनातून फुगत असे.

सरांची स्वतःची लेकही त्या मुलांत होती. चारशे मीटर धावायची. ती मैदानात उतरली की सरांचा अंगठा माझ्या बटणावर जरा जास्तच घट्ट बसे, हे फक्त मला कळायचे.

वर्षे गेली. मी दोनदा सिमेंटवर पडले. सरांच्या हाताचा घाम माझ्या बटणांत मुरला. आधी माझा आवाज गेला. पूर्वी बटण दाबले की मी बारीक 'टिट्' करायचे, ते बंद झाले. मग डावे बटण चिकटू लागले. सर निवृत्त झाल्यावर एकदा मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने मला उघडले, डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "आतलं रबर झिजलंय सर. कधी लागेल, कधी नाही लागणार. नवीन घेऊन टाका ना."

"जरा जोरात दाबायचं, एवढंच ना?" सर म्हणाले.

"तसं चालेलही. पण भरवसा नाही."

सरांनी मला परत खिशात टाकले. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटायला हवे होते? आपण आता मोजायच्या लायकीचे उरलो नाही, असे. पण मला वाटला आनंद. आपल्याला टाकले नाही, एवढेच मी पाहिले.

आता घरातल्या माणसांविषयी सांगते. सरांची लेक लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहायची आणि चष्म्याच्या दुकानात काम करायची. धावणे तिने कधीच सोडून दिले होते. सरांच्या घरी त्यांची बायको, मुलगा आणि सून असे चौघे. मुलगा कायम शिफ्टमध्ये. सूनबाई पार्सलच्या गोदामात माल चढवायच्या विभागात होती. मजबूत बांध्याची, खळखळून हसणारी. नणंदेला ती मुद्दाम जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणायची, आणि नणंद चिडली की आणखी दोनदा म्हणायची.

शर्यतीचे खूळ सूनबाईनेच घरात आणले. गोदामातल्या कुणीतरी तिला व्हिडिओ दाखवला होता. एका भल्यामोठ्या हॉलमध्ये ही शर्यत होते. एक किलोमीटर धावायचे, मग एक अंगमेहनतीचे काम. पुन्हा किलोमीटर, पुन्हा काम. असे सहा वेळा. कुठे वजनाची घसरगाडी ढकलायची, कुठे ती दोराने ओढायची, कुठे जागच्या जागी वल्ही मारायचे यंत्र. चौथे काम दोन्ही हातांत वजने घेऊन चालण्याचे, पाचवे वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत जाण्याचे, आणि शेवटी जड चेंडू भिंतीवर उंच फेकायचा.

"जोडीनं पण भाग घेता येतो," सूनबाई म्हणाली. "धावायचं बरोबर आणि काम घ्यायचं वाटून. वन्सं, तुम्हाला पाय आहेत, मला खांदे आहेत. दोघी मिळून एक माणूस तरी होईल."

"मला नऊ वर्षं झाली गं धावून," लेक म्हणाली.

"मग काय, पाय परत दिलेत की काय?"

लेक हसली. जेवण झाल्यावर सरांनी कपाट उघडले आणि मला बाहेर काढून नवा सेल घातला.

ते सहा महिने फार छान गेले. जिम म्हणजे एक जुने गॅरेज होते. भिंतीवर तेलाचे डाग तसेच होते. सर लोखंडी खुर्चीवर बसत, दोघींवर ओरडत, मला दाबत, वहीत लिहीत. सूनबाई गोदामातून यायची ती हातमोज्यांसकट. लेक दुकान बंद करून यायची. दर कामाच्या सहा खेपा त्यांनी पाडल्या होत्या. पहिली खेप लेकीची, दुसरी सूनबाईची, मग पुन्हा लेकीची. दोघींच्या वाट्याला अगदी सारखे काम. सहा कामांच्या मिळून छत्तीस खेपा. प्रत्येक खेप संपली की सर डावे बटण दाबायचे. धावताना दोघी बरोबरच असत, म्हणून तेवढा वेळ मला थांबवून ठेवायचे.

शर्यत सत्तर मिनिटांच्या आत संपवली, तर जोडीला अंतिम फेरीत जागा मिळणार होती.

शर्यतीच्या दिवशी हॉलमध्ये इतका गोंगाट होता, की माझा आवाज शाबूत असता तरी ऐकू गेला नसता. सर कठड्याला चिकटून उभे होते. पहिली तीन कामे बघण्यासारखी झाली. दोघी घामाने निथळत होत्या, पण लयीत होत्या. मी एकूणएक खेप नोंदवली.

चौथे काम सुरू झाले. हातांत वजने घेऊन चालायचे. एकोणिसावी खेप लेकीची. नोंदली. विसावी सूनबाईची. छत्तीस सेकंदांत ती परत आली, वजने खाली ठेवली, लेकीने उचलली. सरांनी माझे डावे बटण दाबले. नेमका त्याच वेळी मागून कुणाचा तरी धक्का लागला. बटण खाली गेले, पण आत टेकले नाही.

मला ते कळले. माझा आकडा तसाच पुढे पळत राहिला. कोपऱ्यात खेपांची संख्या दिसते, ती एकने वाढायला हवी होती, वाढली नाही. सरांनी वाकून पाहिले असते तर दिसले असते. पण त्यांचा अंगठा उचलला गेला होता आणि त्यांच्या लेखी खेप नोंदली गेली होती. लेक बेचाळीस सेकंदांनी परत आली. तेव्हा बटण नीट लागले. सूनबाईच्या खेपेत लेकीची खेप मिसळून मी एकच आकडा नोंदवला. एक मिनिट अठरा सेकंद.

तिथून पुढची प्रत्येक खेप चुकीच्या माणसाच्या नावावर जाणार होती. सूनबाईची लेकीच्या, लेकीची सूनबाईच्या. आणि नेमकी तिथूनच लेक दमायला लागली होती. वाळूच्या पिशवीखाली ती दोनदा थांबली. गुडघा टेकून, मान खाली घालून, एकदा तर दहा मोजेपर्यंत. सर तेव्हा कुठे बघत होते? माझ्याकडे. आकडा पळतो आहे का, हे बघत होते.

शेवटच्या खेपेचे दहा चेंडू सूनबाईने मारले. दोघी धावत रेषेपलीकडे गेल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग हॉलच्या मोठ्या फलकावर वेळ आली. सत्तर मिनिटे अकरा सेकंद.

अकरा सेकंद. तुम्ही बुटाची नाडी बांधता ना, तेवढा वेळ.

दुसऱ्या दिवशी सर जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. अकरा सेकंद कुठे गेले, हे त्यांना शोधायचे होते. त्यांनी दोन रकाने आखले, एक लेकीचा, एक सूनबाईचा. माझ्यातला एकेक आकडा काढून ते डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे लिहीत गेले. शेवटी डावीकडे अठरा आकडे झाले आणि उजवीकडे सतराच. सर थबकले. मी श्वास रोखला, असे म्हणायला हरकत नाही.

"शेवटचं बटण गडबडीत दाबायचं राहिलं वाटतं," सर स्वतःशीच म्हणाले आणि रिकाम्या जागी एक आडवी रेघ मारली.

मग त्यांनी दोघींना बोलावले. त्यांची बायको भाजी निवडत शेजारीच बसली होती.

"पहिली तीन कामं दोघींची चांगली," सर म्हणाले. "पण चौथ्यापासून बघा. लेकीच्या खेपा छत्तीस, सदतीस, अडतीस. आणि सूनबाई, तुझी ही खेप बघ. एक मिनिट अठरा. तू इथं थांबलीस."

"नाही बाबा. मी वजनं घेऊन कुठंच थांबले नाही."

"आणि वाळूच्या पिशवीला बावन्न, अठ्ठावन्न. इथं तर दोनदा थांबलीस."

"बाबा, मी नाही थांबले. खरंच नाही." तिने नणंदेकडे पाहिले. "वन्सं, तुम्ही होतात ना तिथं. सांगा ना."

लेक टेबलाच्या कडेवरचा पोपडा नखाने खरवडत होती. म्हणाली, "मला काही नीट आठवत नाही गं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती."

"दमल्यावर आपण थांबलो हे आपल्यालाच कळत नाही," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्यात लाज कसली? पण आकडा खोटं बोलत नाही, सूनबाई."

आणि त्यांनी मला उचलून तिच्यासमोर ठेवले.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळांच्या हातात गेले आहे, पण त्या दिवशी ती माझ्याकडे जशी पाहत होती, तसे कुणी पाहिलेले नाही. रागाने नव्हे. ती स्वतःलाच तपासत होती. आपण खरेच थांबलो असू का? आपल्याला आठवत नसेल का? जे खांदे दिवसभर पार्सले उचलतात, त्यांच्याविषयी तिच्या मनात मी शंका घातली. याची शिक्षा मला कुणी दिली नाही.

"ठीक आहे बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

सासूबाईंनी भाजीची ताटली जरा जोरातच सरकवली. "आज भाजीत मीठ किती घालायचं, तेही त्या घड्याळालाच विचारा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा शर्यत होती. सरांनी नवी आखणी केली. चौथ्या कामापासून पुढे सहापैकी चार खेपा लेकीच्या, दोनच सूनबाईच्या. जी खरोखर दमत होती तिच्यावर दुप्पट भार, आणि जिच्यात जोर शिल्लक होता तिने कडेला उभे राहून बघायचे. हे सगळे माझ्या आकड्यांवरून ठरले.

सूनबाई येत राहिली, कारण तिने शब्द दिला होता. आपल्या दोन खेपा करायची आणि हातमोजे काढून भिंतीशी उभी राहायची. तिने 'वन्सं' म्हणायचे सोडले. 'ताई' म्हणू लागली. साधा मानाचा शब्द, पण ऐकताना लेकीची मान खाली जायची. हसणे-बिसणे तर बंदच झाले. सर मात्र खूश होते. गॅरेजमध्ये नवे कुणी आले की मला दाखवून सांगायचे, "पंचवीस वर्षं झाली हिला. एकदाही फसवलं नाही." प्रत्येक वेळी मला वाटे, या क्षणी सिमेंटवर पडावे आणि दोन तुकडे व्हावेत.

लेक वाळत चालली होती. दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची आणि स्वतःच्या डोळ्यांखाली काळे पडत होते. सहाव्या आठवड्यात ती वाळूची पिशवी घेऊन तिसऱ्या खेपेला निघाली. चौथ्या की पाचव्या पावलाला गुडघा टेकला आणि वर येताना कमरेत काहीतरी सटकले. ती ओरडलीसुद्धा नाही. पिशवी खांद्यावरून घसरली आणि ती कुशीवर पडली. सगळ्यांच्या आधी धावली ती सूनबाई. "हलू नका. ताई, हलू नका. मी आहे."

मणक्यामधली गादी सरकली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरूण आणि सहा महिने वजनाला हात नाही, असे सांगितले. लेकीचा नवरा दिवसभर कामावर, म्हणून तिला माहेरी आणले. सरांच्या खोलीतच खाट टाकली. मी तिथेच खिडकीत होते, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले.

सूनबाई गोदामात जाण्याआधी तिला उठवून बसवायची, न्हाणीघरापर्यंत न्यायची, पायांत मोजे चढवायची, कारण लेकीला वाकता येत नव्हते. एकदाही टोमणा नाही. 'बघा, जास्त खेपा घेतल्यात ना' असे एका शब्दाने नाही. ती बडबडली असती तर लेकीला सोपे गेले असते.

पाचव्या दिवशी, सूनबाई कामावर गेल्यावर, लेकीला रडू फुटले.

"दुखतंय का?" सर खुर्ची ओढून जवळ बसले.

"बाबा, वाळूच्या पिशवीला मी थांबले होते. वहिनी नाही. मी."

"हो, परवा तू..."

"परवा नाही. शर्यतीत. दोनदा थांबले. तुम्ही वहीत दाखवलंत तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी गडबड आहे."

सर हळूच म्हणाले, "पण आकडे?"

"मला नाही माहीत आकड्यांचं काय झालं. पण माझे पाय मला माहीत आहेत ना." तिने उशीत तोंड खुपसले. "तुम्ही म्हणालात, लेकीच्या खेपा छत्तीस, सदतीस. बाबा, तुम्ही असे खूश दिसलात की मला वाटलं, असेलही. नऊ वर्षांनी तुम्ही माझं कौतुक करत होतात. मी गप्प बसले."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, ही माझी सबब. तिला येत होते, पण तिचीही काही सबब होती. आम्ही दोघांनी मिळून एका भल्या माणसाला खोटे पाडले होते.

सरांनी लेकीच्या मोबाइलवर शर्यतीचा एक व्हिडिओ शोधला. गोदामातल्या मैत्रिणीने शेवटच्या कामाचा काढलेला. आधी लेकीचे दहा चेंडू. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत राहिले. एकोणचाळीस सेकंद. मग सूनबाईचे दहा. चोवीस सेकंद. त्यांनी वही उघडली. शेवटचा आकडा होता चोवीस, आणि तो लेकीच्या रकान्यात होता. त्याआधीचा एकोणचाळीस, सूनबाईच्या रकान्यात.

मग त्यांनी मला हातात घेतले. सुरू केले, आणि डावे बटण दाबू लागले. दर वेळी ओठ हलवत मोजत. शंभर वेळा दाबले. माझ्या कोपऱ्यातला आकडा त्र्याण्णव होता.

त्यांनी मला आदळले नाही. तीच त्यांची रीत. नुसते मांडीवर ठेवले. "दुकानदारानं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "समोर उभा राहून सांगितलं होतं."

सूनबाई घरी येईपर्यंत त्यांना धीर धरवला नाही. मला खिशात घालून ते तडक गोदामावर गेले. खिशाच्या तोंडातून मी ते ठिकाण प्रथमच पाहत होते. पत्र्याचे उंच छप्पर, सरकता पट्टा, त्यावरून येणारी खोकी, आणि ट्रकच्या तोंडाशी उभी राहून ती खोकी आत रचणारी सूनबाई. कमरेत न वाकता, गुडघ्यांतून बसून ती एकेक खोके उचलत होती. एक उचलले, ठेवले. दुसरे उचलले, ठेवले. कुठेही थांबत नव्हती. सर मिनिटभर नुसते बघत राहिले. इतकी वर्षे त्यांनी मला पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी तिला पाहिले.

तिचे लक्ष गेले. ती घाबरून पुढे आली. "ताईंना काही झालं का?"

"नाही, नाही. ती बरी आहे. सूनबाई, माझं चुकलं. घड्याळ खराब होतं. तू थांबली नव्हतीस. तू कुठेच थांबली नव्हतीस."

तिने हातमोजे काढले. चेहऱ्यावर हसू आले नाही.

"घड्याळ खराब होतं ते राहू दे, बाबा," ती म्हणाली. "वस्तू आहे, बिघडते. पण मी तीनदा सांगितलं तुम्हाला. मी काय बिघडले होते?"

सरांचा हात खिशात गेला आणि त्यांनी मला इतके घट्ट धरले, की माझे उजवे बटण दाबले गेले आणि मी उगाचच चालू झाले.

"ट्रक भरायचाय," ती म्हणाली. "घरी जा तुम्ही. उन्हाचे आलात, पाणी पिऊन जा." तिने स्वतःची बाटली त्यांच्या हातात दिली आणि परत वळली.

घरी दोघी काय बोलल्या ते मला पूर्ण ठाऊक नाही. लेकीने आपल्या तोंडाने सांगितले, एवढे खरे. मग सूनबाईचा आवाज आला, "पाय इकडे करा. सकाळी मोजे उलटे घातले गेलेत." राग सरला असे त्यातून म्हणता येणार नाही. पण मोजे तिने सरळ घातले. 'वन्सं' हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू यायला चांगले दोन महिने लागले, आणि आला तेव्हाही त्यात पूर्वीची खोडी नव्हती. ती पुढे कधीतरी येईल.

माझ्यावर मात्र कुणीच रागावले नाही. "बिचारं जुनं झालंय," असे म्हणून सासूबाईंनी माझी धूळ पुसली. मित्रांनो, दोषी धरले गेले असते तर बरे वाटले असते. शिक्षा भोगून माणूस मोकळा होतो. बिचारे ठरलेल्याला ती सोय नसते. सरांनी माझा सेल काढला, आणि तेव्हापासून माझ्यात एकही आकडा उमटलेला नाही. आता मी वहीच्या पानांवर ठेवण्यापुरते उरले आहे. पंख्याच्या वाऱ्याने ती उडू नयेत म्हणून.

तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मी गमावला आहे. तरी एक विनंती करते. आमच्यासारख्या वस्तू वापरा, पण आम्हाला वेळोवेळी उघडून बघा, पुसा, तपासा. आम्ही थकलो असे कुणी सांगितले, तर ते ऐका. आणि आमच्यावरचा आकडा एक सांगतो आहे आणि समोरचे माणूस कळवळून दुसरेच सांगते आहे, असे झाले, तर आधी त्या माणसाकडे तोंड करा. आम्ही थांबू शकतो. थांबणे हेच आमचे काम आहे.

गेल्या आठवड्यात सूनबाईने एकटीने शर्यत पुरी केली. तिच्या गटात ती सतरावी आली. सर कठड्याशी उभे होते म्हणे, रिकाम्या हातांनी. लेक कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसली होती आणि घसा बसेपर्यंत ओरडत होती. दुसऱ्या दिवशी सर जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. शेजारी नवे कोरे घड्याळ होते आणि संयोजकांनी पाठवलेला आकड्यांचा कागदही होता. तो त्यांनी पालथा घालून माझ्याखाली ठेवला.

"सूनबाई, बस," ते म्हणाले. "तू सांग. अगदी पहिल्यापासून. मी लिहितो."

ती सांगू लागली. पहिल्या धावेत बूट कसा चावला, घसरगाडी कशी हलकी गेली, दोर ओढताना तळव्याची साल कशी निघाली. सर मान खाली घालून लिहीत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत.

"आणि चौथ्या धावेत पोटात कळ आली," ती म्हणाली.

सरांचे पेन थांबले. "किती वेळ होती?"

"ते नाही सांगता येणार, बाबा. खूप वेळ."

मी पाहत होते. सरांनी पालथ्या कागदाकडे हात नेला नाही. त्यांनी आकड्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिले, 'खूप', आणि म्हणाले, "बरं. मग पुढे काय झालं?"